भिंतीकडची शेवटची गाडी

सोमवार, ३ तारीख

आज कळलं की माझा सत्कार होणार आहे, आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

सकाळी मुकादम मावशीने आम्हा सगळ्या सफाईवाल्यांना गाड्या धुवायच्या जागेपाशी उभं केलं. मला वाटलं, पुन्हा कोणीतरी स्पंज ढापले. पण मावशीचा चेहरा हसरा होता, आणि ते आणखी काळजीचं. ती म्हणाली, कंपनी यंदा पहिल्यांदाच अशा माणसांचं कौतुक करणार आहे जी प्रवाशांना कधी दिसतच नाहीत. ड्रायव्हर दिसतो, तिकीट देणारा दिसतो. टायर बघणारा, काचा पुसणारा, सीटच्या खिशातून लोकांची घाण काढणारा कोणाला दिसतो? "तर पहिलं नाव आपल्या गप्पाबाईचं!"

गप्पाबाई म्हणजे मी. दिवसभर तोंडातून शब्द काढत नाही म्हणून मावशीने ठेवलेलं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, कारण हातांना काहीतरी काम द्यायला हवं होतं.

मग बक्षीस सांगितलं. फुलांचा गुच्छ, काचेचं मानचिन्ह आणि माझा फोटो. फोटो लावणार कंपनीच्या प्रत्येक गाडीच्या पाठीवर, खालपासून वरपर्यंत. आमच्या गाड्या कुठे जात नाहीत? त्याच्या गावाला तर रोज जातात.

तो म्हणजे माझा नवरा. हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही. दीड वर्षापूर्वी तो कामावर गेल्यावर मी टिटवीला शाळेतून अर्ध्या दिवसात काढलं आणि मिळेल त्या गाडीत बसले. टिटवी म्हणजे माझी लेक, आता अकराची आहे. तो नेहमी म्हणायचा, "कुठेही जा, शोधून काढीन." ओरडून नाही. जेवता जेवता, मीठ दे म्हणतात तसं.

"मावशी, मला नको," मी म्हटलं.

"बघा," मावशी सगळ्यांना म्हणाली, "याला म्हणतात साधेपणा."

बुधवार, ५ तारीख

ऑफिसातली चष्मेवाली आज फोटोवाल्याला घेऊन आली. ही कौतुकाची कल्पना तिचीच. पोरगी वाईट नाही. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते, हाच काय तो तिचा दोष.

मी तोंडाला फडकं बांधून ठेवलं. धुळीने शिंका येतात म्हणाले. तिने ते हळूच खाली ओढलं आणि म्हणाली, "लोकांना तुमचं हसू दिसू दे." मी सांगितलं, माझ्यापेक्षा टायरवाल्याला द्या, मशीनवाल्याला द्या. ती म्हणाली, "त्यांचीही पाळी येईल. पण तुमच्या गाड्यांची एकही तक्रार नाही, ठाऊक आहे?"

ठाऊक आहे. मी मागून पुढे साफ करते. बाकीच्या दारातून सुरुवात करतात आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर दमतात. मी आधी शेवटची रांग घेते, जिथे लोक चोरून खातात, रडतात, झोपतात. सीटच्या खिशात हात घातला की मला कळतं कोण बसलं होतं. लहान मूल असेल तर बिस्किटाचा ओला चुरा. भांडण झालं असेल तर तिकिटाचे तुकडे. एकदा कवळी सापडली होती, ती मी स्वतः धुऊन दिली. हे चष्मेवालीला सांगितलं असतं तर तिने तेही छापलं असतं.

तिला माझी कहाणी हवी होती. गाव कुठलं, घरी कोण. मी म्हटलं, नवरा वारला.

"कशाने हो?"

"तापाने," मी म्हटलं. घोटभर चहा पिईपर्यंत मारून टाकला मी त्याला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

पण मग लगेच भीती. मेलेला माणूस मेलेलाच राहायला हवा ना.

गुरुवार, ६ तारीख

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

साफ करायच्या गाड्या धुवायच्या जागेपासून भिंतीपर्यंत ओळीने उभ्या असतात. मी त्या ओळीनेच घेते. आज भिंतीकडच्या शेवटच्या गाडीत चढले. शेवटची रांग, खिडकीची सीट. खिशात हात घातला आणि बोटांना ते लागलं. बघायच्या आधीच मला कळलं होतं.

गोळीचा कागद. लांबट, बारीक घडी घातलेला, मधोमध गाठ, आणि दोन्ही टोकं गाठीच्या आत खोचलेली.

असं तो करतो. मी आजवर दुसऱ्या कोणाला असं करताना पाहिलेलं नाही. माझी वाट बघत बसला की करायचा. मी दुकानातून यायला उशीर केला, की दार उघडल्यावर जमिनीवर त्या गाठी पडलेल्या असायच्या आणि आतून कागदाचा चुरचुर आवाज यायचा. गाठी किती आहेत त्यावरून मला कळायचं आज काय होणार. म्हणून आमच्या इथल्या खोलीत गोळ्या-चॉकलेटं येत नाहीत. टिटवीने एकदोनदा मागितली. मी म्हटलं दात किडतात.

मी गाडीतून उतरले. गाडी वस्तादांनी आणली होती. वस्ताद म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, कामाशिवाय बोलत नाहीत, म्हणून माझं त्यांचं जमतं. मी विचारलं, शेवटच्या रांगेत कोण होतं?

"कोणी नव्हतं. आज अर्धी गाडी रिकामी."

म्हणजे आधी पुढे बसला असणार, आणि मग कोणाचं लक्ष नसताना मागे गेला. त्याची रीतच ती.

संध्याकाळी टिटवी पायमोजे काळे करून आली. वाचनालयात कुठे इतकी घाण असते देव जाणे. घरमालकीण काकू तिला शाळेतून आली की चहा-बिस्किट देतात आणि ती तिथून वाचनालयात जाते. पाय धुताना मला म्हणाली, "आई, तू मागून पुढे का साफ करतेस?" मी म्हटलं, मागे जास्त घाण असते. ती म्हणाली, "हं, मला वाटलंच." मग मी दाराची कडी तपासायला गेले.

रविवार, ९ तारीख

सुट्टी. दिवसभर खोलीतून बाहेर पडलो नाही. दाराला खुर्ची लावून ठेवली. खुर्चीचा एक पाय मोडका आहे, तेव्हा ती त्याला अडवणार नाही. पण पडेल, आणि पडली तर आवाज होईल.

आमच्या खोलीत एक पलंग, एक शेगडी, आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीचे नळ दिसतात. मला फार आवडते ही खोली. इथे पहिल्यांदा मी भांडं हातातून पाडलं तेव्हा आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो होतो. मग काही झालं नाही. कोणी आलं नाही. टिटवी म्हणाली, "अजून एकदा पाड ना." आणि मी पाडलं.

आज दुपारी तिने विचारलं, "आई, त्याला आपला पत्ता माहीत आहे का?" ती त्याला बाबा म्हणत नाही.

"छे," मी म्हटलं. मोठ्या, ठाम आवाजात म्हटलं. "कशाला घाबरतेस? मी घाबरते का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "नाही," म्हणाली. शहाणी आहे माझी पोर, तिला कशाची म्हणून कल्पना नाही.

मंगळवार, ११ तारीख

काल एक, आज दोन.

गाड्या वेगळ्या, पण जागा तीच: भिंतीकडची शेवटची गाडी, शेवटची रांग, खिडकीची सीट. काल ती गाडी उत्तरेकडून आली होती, आज किनाऱ्याकडून. म्हणजे तो एका गाडीने येत नाही, गाड्या बदलून येतो. आणि मी कोणती गाडी शेवटी घेते, तेही त्याला कळलंय.

आज पडदा बोटभर सरकवलेला होता. मी सीटवर गुडघा टेकून त्या फटीतून बघितलं. तिथून धुवायची सगळी जागा दिसते. माझी बादली दिसत होती. गेटही दिसत होतं. तिथे बसून तो मला बघतो. मी वाकून काम करत असताना माझी पाठ बघतो.

सीट कोमट होती. ऊन पडतं तिकडे, म्हणून असेल. पण मी हात झटकन मागे घेतला.

खाली उतरले तर मावशी आपली पर्स चाचपत उभी. "लेक गोड आहे हं तुझी," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा बोलकी आहे."

टिटवीबद्दल मी मावशीला कधी अवाक्षर सांगितलं नाही. मग हिला कोणी सांगितलं? ऑफिसात अर्ज भरताना मुलगी आहे एवढंच लिहिलं होतं. आणि बोलकी आहे हे कोणी सांगितलं? बोलकी आहे हे माहीत असलेला या जगात माझ्याशिवाय एकच माणूस आहे. तो मावशीला भेटला असेल का? बोलण्यात तो फार गोड आहे. परक्या बायकांशी तर जास्तच.

"हो," एवढंच म्हणून मी बादली उचलली.

मावशीला सगळं सांगून टाकावं असं दहादा मनात येतं. पण मी एकदा सांगून बघितलंय. तिकडे असताना एका मैत्रिणीला सांगितलं होतं. बिचारी माझ्या भल्यासाठी त्याला समजवायला गेली. त्या संध्याकाळचं मी इथे लिहिणार नाही.

शुक्रवार, १४ तारीख

आज चष्मेवालीने मला ऑफिसात बोलावून पोस्टर दाखवलं. टेबलावर मावेना म्हणून जमिनीवर पसरलं होतं. माझा चेहरा दारापासून खिडकीपर्यंत. माझ्या नाकावर पाय पडेल म्हणून ती भिंतीला चिकटून चालत होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: तुम्ही बसण्याआधी या येऊन गेलेल्या असतात.

मी ते दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर मला आवडलं. फारच आवडलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं वाक्य कोणी कधी बोललं नव्हतं, मग लिहिणं तर सोडाच. फोटोत मी हसत होते. मला वाटायचं माझं हसू वाकडं आहे. त्याने तसं सांगितलं होतं. वाकडं नाहीये.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"भीती वाटते," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

ती हसली. "सगळ्यांनाच वाटते हो स्टेजची. रविवारी दुपारी कार्यक्रम, सोमवारी सकाळी सगळ्या गाड्यांवर चिकटवायचे. मग तुम्ही जिकडेतिकडे!"

मी जिकडेतिकडे. दुपारभर हेच डोक्यात घुमत राहिलं.

शेवटच्या गाडीत आज पुन्हा एक. ती उचलताना मी ठरवलं. रविवारी सगळे कार्यक्रमात असतील तेव्हा निघायचं. वस्तादांची लांबची गाडी त्याच वेळेला सुटते. मी त्यांना विचारलं, दोन जागा मिळतील का, शेवटपर्यंतच्या.

वस्तादांनी माझ्याकडे बघितलं, मग हातमोजे काढले, मग पुन्हा घातले. "मागच्या देऊ का पुढच्या?"

"मागच्या," मी म्हटलं. पाठीमागे कोणी नसलेलं बरं.

शनिवार, १५ तारीख

दोन पिशव्या. आलो तेव्हाही दोनच होत्या. इतक्या दिवसांत आम्ही एक पिशवीभरसुद्धा वाढलो नाही, असं म्हणून मी हसायला गेले आणि पलंगावर बसून रडले.

टिटवीला सांगितलं. ती एकदम किंचाळली, नावाला शोभेल अशी. "मला नाही जायचं! इथे तो येत नाहीये!"

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे!"

"टिटवे, तुला यातलं काही कळत नाही."

तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. अगदी माझ्यासारखं. मग आपली वह्या-पुस्तकं पिशवीत भरायला लागली. वाचनालयाचं एकही पुस्तक त्यात नव्हतं. बरं झालं, परत करायची कटकट नाही.

रविवार, १६ तारीख

सगळं ओळीने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

कार्यक्रम वर्कशॉपमध्ये होता. तिथल्या गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या, एका टोकाला फळ्यांचं स्टेज. तेलाचा वास जाईना म्हणून चष्मेवालीने गाडीतला सुगंधी फवारा मारला होता, आता दोन्ही वास येत होते. मावशी नवे बूट घालून लंगडत होती. मी तिला म्हटलं, कपडे बदलून येते. ती म्हणाली, "जरा ओठांना काहीतरी लाव गं." मी तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. बघितलं असतं तर गळ्यात पडले असते.

टिटवी पिशव्या घेऊन गेटपाशी थांबली होती. गेटवरचे आजोबा तिच्याशी पत्ते खेळत होते. मी तिला ओढतच घेऊन निघाले.

गाडी भिंतीपाशी लागली होती. वस्ताद दारात उभे होते. टिटवीला बघून म्हणाले, "या पाहुण्या. तुमची नेहमीची जागा राखून ठेवलीय."

मला वाटलं, आज म्हाताऱ्याला थट्टा सुचतेय. टिटवीने दारातल्या टोपलीतून प्रवाशांसाठी ठेवलेली पेपरमिंटची गोळी उचलली आणि मान खाली घालून सरळ मागे गेली. शेवटची रांग, खिडकीची सीट. मी तिच्या शेजारी बसले. पडदा ओढून घेतला. प्रवासी चढत होते, आणि मी प्रत्येक पुरुषाचे आधी बूट बघत होते. त्याचे बूट मी कुठेही ओळखीन.

आणि मग माझ्या कानाशी तो आवाज झाला. चुरचुर.

मी ओरडले नाही. ओरडायची सवयच गेलीय. एकच विचार आला: तो मागे बसलाय. मग लक्षात आलं, शेवटच्या रांगेच्या मागे सीट नसते.

मी खाली बघितलं. टिटवीच्या मांडीवर तिचे हात होते. तिचं लक्षही नव्हतं, ती पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होती. बोटं आपापली चालली होती. घडी, घडी, गाठ, टोकं आत.

मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं. तिने वळून माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पूर्वी माझा व्हायचा तसा झाला. मी झटकन हात सोडला.

"ही गाठ तुला कोणी शिकवली?"

"कोणी नाही. आपोआप होते."

"तू इथे बसतेस? या जागेवर?"

तिने गोळीचा कागद मुठीत दडवला.

"टिटवे, मी रागावणार नाही. रोज बसतेस?"

"शाळा असली की. आजोबा आत सोडतात. मावशी हल्ली गोळी देते. सगळ्यांना वाटतं तुला माहीत आहे." तिने हुंदका गिळला. "तू कोणाशी बोलतच नाहीस, म्हणून कोणी तुला विचारलं नाही."

"आणि वाचनालय?"

"वाचनालय कुठे आहे तेसुद्धा मला माहीत नाही."

"पण का गं? काकूंकडे बसायचं सोडून इथे का?"

"तू वाकून काम करतेस ना. मागून कोणी आलं तर तुला दिसणार नाही." ती समजावल्यासारखं बोलत होती, मीच लहान असल्यासारखं. "इथून गेट दिसतं आणि तूपण दिसतेस. तो आला असता तर मी पळत पुढे जाऊन हॉर्न वाजवणार होते. तू गाडीत चढायला लागलीस की मी खाली उतरून भिंतीमागे जायचे."

"आला होता का तो?"

"नाही. एकदाही नाही. मी काल सांगितलं ना, तो येत नाहीये."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एक क्षणभर वाटलंही. आणि मग भरून आलं. मी या पोरीला मोठ्या आवाजात सांगत होते की मी घाबरत नाही, आणि ती रोज शाळा सुटल्यावर माझ्यासाठी पहाऱ्याला बसत होती. मला वाटत होतं तो माझी पाठ बघतोय. माझी पाठ माझी लेक बघत होती. आणि तिच्या बोटांत त्याची सवय आहे, तिला माहीतसुद्धा नाही. तिला ते मी कधी सांगेन का, मला माहीत नाही. ते सांगण्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटतेय.

वस्तादांनी इंजिन सुरू केलं. मी उठले.

"वस्ताद, आम्ही उतरतो."

"बरं," ते म्हणाले आणि दार पुन्हा उघडलं.

मावशी वर्कशॉपच्या दाराशी एक बूट काढून टाच चोळत होती. पिशव्या बघून तिच्या कपाळाला आठी पडली. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि बोलले. इथे आल्यापासून जेवढं बोलले नसेन तेवढं एका दमात बोलले. टिटवी माझा हात धरून उभी होती.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "पण तुझा नवरा तर मेलाय ना?"

"नाही."

"जिवंत आहे?"

"हो."

"वाईट झालं," मावशी म्हणाली. मग एका पायात बूट, एक हातात, तशीच चष्मेवालीला दंड धरून घेऊन आली. तिला तिने चार वाक्यांत सांगितलं. पोरगी पांढरीफटक पडली.

"फोटो कुठे कुठे टाकलेस?" मावशीने विचारलं.

"कुठेच नाही. कार्यक्रम झाल्यावर टाकणार होते. पोस्टर माझ्या खोलीत गुंडाळून ठेवलेत."

"टाकायचे नाहीत. आणि त्या गुंडाळ्या मला आणून दे. सीट फाडायची कात्री आहे माझ्याकडे."

चष्मेवाली रडायला लागली. "मला तुमचं चांगलंच करायचं होतं हो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला ते फार आवडलं होतं." आणि हे तिला सांगता आलं याचं मला बरं वाटलं.

"मग आता सत्कार?" तिने डोळे पुसत विचारलं.

"मी घेते तिच्या वतीने," मावशी म्हणाली. "नाव गप्पाबाई असं पुकार. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांना काय करायचंय?"

आम्ही दोघी शेवटच्या रांगेत, दारापाशी बसलो. पिशव्या पायाशी. साहेबांचं भाषण लांबलं, माइकने दोनदा शिट्टी मारली. मग चष्मेवालीने नाव पुकारलं. मावशी लंगडत स्टेजवर गेली आणि माइक हातात नसतानाच मोठ्याने म्हणाली, "तिला आज यायला जमलं नाही. पण तुम्ही ज्या गाडीतून घरी जाल ना, ती तिने पुसलीय." सफाईवाल्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. एकीनेही मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. मावशीने कधी आणि कसं सांगितलं असेल, कोण जाणे.

मी टाळ्या वाजवल्या. या वेळी हातांना काम हवं म्हणून नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

मग माझ्या लक्षात आलं की टिटवी टाळ्या वाजवत नाहीये. तिने आपली खुर्ची हळूच फिरवली होती. सगळे स्टेजकडे बघत होते, आणि ती एकटी स्टेजकडे पाठ करून, हात मांडीखाली दाबून, दाराकडे बघत बसली होती.

मी तिचे खांदे धरले आणि तिला पुढे वळवलं.

"अगं पण दार..."

"दाराकडे मी बघते. तू तिकडे बघ."

तिने माझा चेहरा निरखून बघितला, मी खरंच बघणार आहे का ते. मग तिने खुर्ची नीट केली आणि टाळ्या वाजवायला लागली, सगळ्यांच्या संपत आल्या तरी थांबेना. मी माझी खुर्ची दाराकडे फिरवली. मला भीती वाटतच होती, पण ती आता माझ्या एकटीची होती, टिटवीची नव्हती, आणि ते बरं होतं. स्टेजवर काय काय चाललंय ते टिटवी मला सांगत राहिली.